अडकलेला अंतरपाट

जबलपुरात तेव्हा लग्नाची व्हिडिओ कॅसेट काढणारे गल्लोगल्ली होते, पण बदामातून नवरी काढणारा मी एकटाच, असा माझा समज होता. बदाम म्हणजे पत्त्यातला बदाम. माझ्या मिक्सरवर एक बटण दाबलं आणि दांडी खाली ओढली की चित्राच्या मधोमध एक बारका बदाम उगवायचा, फुगत जायचा आणि मागचं चित्र गिळून टाकायचा. नवरदेव गिळला जायचा, नवरी यायची. नवरी गिळली जायची, पंगतीत जिलेबी खाणारे कोणीतरी यायचे. जिलेबी खाणारा माणूस बदामातून काहून यायला पाहिजे, हा प्रश्न मला कधी पडला नाही. बटण होतं ना, मग दाबायचं.

आमचं मूळ विदर्भातलं. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते तेव्हा आजोबा इथे नोकरीला आले. पुढे सरकारनं प्रांत वेगळे केले, नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडेच राहिलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. मी दिवसा सिव्हिल लाइन्समधल्या एका कचेरीत फायली सरकवायचो आणि सुट्टीच्या दिवशी, लग्नसराईत, कलावंत व्हायचो. दीक्षितपुऱ्यातला एक भैया माझा भागीदार. त्याच्या दोन कॅमेऱ्यांच्या तारा माझ्या मिक्सरमध्ये यायच्या, मी बटणं दाबून त्यातलं एक चित्र निवडायचो आणि तेच तेवढं कॅसेटवर उतरायचं. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना ज्या काही कोलांटउड्या, त्या माझ्या. बदाम, चांदणी, पान उलटल्यासारखं, फरशीचे तुकडे पडल्यासारखं. एक बटण तर चालतं चित्र जागच्या जागी गोठवायचं. आई म्हणायची, "स्वयंपाकघरात एक मिक्सर आहे, त्यात निदान चटणी तरी होते."

आम्ही तयार झालो ते हिंदीवाल्यांच्या लग्नांत. तिथे जयमाला म्हणजे निवांत काम. नवरदेवाला मित्र उचलणार, नवरीला भाऊ उचलणार, हार गळ्यापर्यंत जाणार आणि परत येणार, हशा, टाळ्या, पुन्हा तेच. तेवढ्यात माझे सगळे इफेक्ट मारून व्हायचे, एखाददुसरा दोनदाही. त्यामुळे लग्नाचा मुख्य क्षण भरपूर लांब असतो आणि तो आपल्यासाठीच थांबलेला असतो, अशी माझी ठाम समजूत झाली होती. मराठी असून.

चेरीतालला वडिलांचे एक मित्र राहायचे. मी त्यांना काका म्हणायचो. मराठी मंडळाच्या गणपतीत काका असले की माईक लागायचा नाही. त्यांनी "आरतीला चला" म्हटलं की पलीकडच्या गल्लीतले हिंदीवालेही चपला शोधायला लागायचे. असा तो आवाज. मग त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड थोडं वाकडं झालं, शब्द अडखळायला लागले. भेटायला येणारे लोक "काय? काय म्हणाले?" करायला लागले, तेव्हा त्या माणसानं बोलणंच सोडून दिलं. काही सांगायचं झालं तर काकूंच्या कानाशी पुटपुटायचे आणि काकू ते मोठ्यानं सांगायच्या. सुरुवात नेहमी एकच, "ते म्हणून राहिले..."

त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं. मांडव घरासमोरच्या मोकळ्या जागेत. काकांना खाटेसकट मांडवात नेऊ, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. काकांनी काकूंना खूण केली, काकू वाकल्या, ऐकलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"ते म्हणून राहिले, चौघांनी उचलून न्यायचं ते एकदाच. आज नाही."

मग कोणी तो विषय काढला नाही. पण मुलगी कोपऱ्यात जाऊन रडून आली, तिचे डोळे सांगतच होते. आणि तिथे मी, बसल्या जागी, हिरो झालो. म्हटलं, काका, टीव्ही तुमच्या खाटेसमोर ठेवू. मिक्सरमधून एक तार सरळ त्यात. मांडवात जे होईल ते त्याच घटकेला तुम्हाला इथे दिसेल.

काकांनी मान हलवली. मग काकूंना बोलावलं.

"ते म्हणून राहिले, बाकी काही नाही दिसलं तरी चालते. पण अंतरपाट खाली येते ना, तेव्हाचं तिचं तोंड दिसलं पाहिजे." आणि काकू स्वतःहून लाजून पुढे म्हणाल्या, "आमच्या लग्नात यांनी मला तसंच पाहिलं ना, पहिल्यांदा."

मी म्हटलं, शंभर टक्के. काका आणखी काहीतरी पुटपुटले. काकू हसायला लागल्या.

"आणि म्हणून राहिले, तुझे ते बदाम-बिदाम नको."

"छे छे, काका! बदाम अजिबात नाही."

मी तेव्हा खरंच बोललो होतो. पण घरी येईपर्यंत डोक्यात किडा वळवळायला लागला. बदाम नको म्हणाले. पडदा नको असं कुठे म्हणाले? माझ्या मिक्सरमध्ये वरून खाली सरकणारा एक साधा, शालीन इफेक्ट होता. मी तो कधी वापरत नसे, कारण त्यात काहीच फुटत नव्हतं की फिरत नव्हतं. पण अंतरपाटाला तो असा चपखल! एका कॅमेऱ्यात अंतरपाट घ्यायचा, चित्र गोठवायचं. दुसऱ्या कॅमेऱ्यात नवरीचा चेहरा भरून ठेवायचा. गुरुजींचं शेवटचं "सावधान" झालं की खरा अंतरपाट तिकडे खाली येणार, माझा इकडे टीव्हीवर खाली येणार, आणि मागून मुलीचा चेहरा हळूहळू उगवणार. काका बघतच राहतील. अंगावर काटा आला माझ्या, स्वतःच्याच हुशारीनं.

घरी तालीम केली. आई टॉवेल धरून उभी, टॉवेलमागे नवरी म्हणून भैया. त्याला दाढी होती, पण मुद्दा तो नव्हता. दांडी ओढली, टॉवेल सरकला, भैयाचं थोबाड उगवलं. भैया खूश. "वाह! एकदम पिक्चर जैसा।" आई म्हणाली, "हात भरून आला माझा. एवढं काहून करून राहिला? सरळ कॅमेरा लावून दे ना तिच्या तोंडावर." आईला कलेतलं काय कळणार, असं म्हणून मी चहा मागितला.

लग्न भर दुपारचं. माझं टेबल काकांच्या खिडकीला लागून मांडलं होतं, म्हणजे टीव्हीची तार पुरेल. खाटेवरून मांडवाचं कापड आडवं येत असल्यामुळे काकांना खिडकीतून मांडव दिसत नव्हता, फक्त मी दिसत होतो, आणि ते काही पाहण्यासारखं नव्हतं. आतमध्ये काका नवा सदरा घालून, उशांना टेकून बसले होते. नजर टीव्हीवर. नवरीला मामानं आणून पाटावर उभं केलं तेव्हा मी आत पाहिलं. त्यांचा चांगला हात पलंगपोस मुठीत धरून होता. मला वाटलं, थांबा काका, खरी गंमत पुढेच आहे.

भैयाला मी नवरीच्या चेहऱ्यावर लावून ठेवलं होतं. "यहाँ से हिलना मत, चाहे भूकंप आ जाए।" दुसरा कॅमेरा तिकाटण्यावर, अंतरपाटाकडे तोंड करून. तेवढ्यात कोणीतरी अक्षतांचं ताट फिरवत आलं. आता इथे खरी मेख आहे. मिक्सरवर भैया बसला असता तर त्यानं ताट पुढे जाऊ दिलं असतं. मी मराठी! मंगलाष्टकं चालू आणि आपण मोकळ्या हातानं? ते शक्यच नाही. मी चांगली मूठभर घेतली. ओल्या कुंकवात माखलेले लाल तांदूळ, घामेजल्या तळहातावर.

मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक "सावधान"ला माझा उजवा हात आपोआप उठायचा आणि अक्षता टाकायचा. उजवाच हात दांडीवर परत यायचा. मांडव होता लांब, माझ्या अक्षता कुठल्या पोहोचायला? त्या समोरच्या मंडळींच्या टकलांवर पडायच्या, आणि उरलेल्या, बोटांना चिकटलेल्या, जिथे बोटं जातील तिथे. मला त्याचा पत्ता नाही. मी रंगात आलो होतो.

गुरुजींनी आवाज चढवला, ओळखीचं शेवटचं कडवं म्हटलं. मी चित्र गोठवलं, दांडी धरली. "सावधान!" आणि नागपूरहून आलेल्या नवरीच्या मावशीनं पर्समधून कागद काढला. मावशीनं स्वतः मंगलाष्टक रचलं होतं! त्यात सासर, माहेर, नर्मदा, सगळं होतं, यमकासकट. मी गोठवलेलं चित्र सोडलं. मावशीचं "सावधान" आलं. पुन्हा गोठवलं. मावशीनं कागद उलटला. मागच्या बाजूलाही होतं. पुन्हा सोडलं. मनात म्हटलं, आता नाही फसणार, मावशी अजून एखादा कागद काढतेच.

आणि बँड वाजला.

झालं! तेच शेवटचं होतं. मी हातात होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता भिरकावल्या, गोठवायचं बटण दाबलं आणि दांडी खाली ओढली. दांडी बोटभर आली आणि अडकली. पुन्हा जोर लावला. आतून करकर आवाज आला, दाताखाली खडा यावा तसा. खाली वाकून पाहतो तर दांडीच्या खाचेत लाल तांदूळ ठासून बसलेले. माझेच. माझ्याच हातानं, माझ्याच भक्तिभावानं टाकलेले.

टीव्हीवर काय दिसत होतं? वर बोटभर पट्टीत मुलीच्या मुंडावळ्यांचं टोक. त्याखाली सगळा अंतरपाट. गोठलेला. तिकडे खराखुरा अंतरपाट कधीच खाली आला होता, हार पडले होते, लोक उठून पुढे घुसले होते, बँडवाले जिवाच्या आकांतानं फुंकत होते. आणि काकांच्या टीव्हीवर कापड तसंच धरलेलं.

वास्तविक गोठवायचं बटण नुसतं परत दाबलं असतं, नाहीतर दांडीचा नाद सोडून भैयाचा कॅमेरा सरळ टीव्हीला जोडला असता, तरी निभावलं असतं. पण माणूस घाबरला की ज्याची सवय आहे तेच करतो, आणि मला सवय होती इफेक्ट मारायची. मी दाबत सुटलो. अंतरपाट काळा झाला, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक पांढरं झालं. मग अंतरपाटाच्या फरश्या झाल्या. मग तो थरथरायला लागला. आणि शेवटी, देवाशप्पथ, त्याच्या मधोमध एक बदाम उगवला. स्टेजवरून भैया अंगठा दाखवत होता. "चेहरा बढ़िया आ रहा है ना?"

बँड दम घ्यायला थांबला. आणि त्या शांततेत माझ्या मागच्या खिडकीतून आवाज आला.

"अरे, अंतरपाट काढा ना! काहून धरून ठेवला? पोरगी दिसून नाही राहिली!"

शब्द जडच होते, पण आवाज तो होता, गणपतीतला. सगळा मांडव वळला. औक्षणाचं ताट घेऊन उभ्या असलेल्या काकू जागच्या जागी थिजल्या. "हे बोलले?" त्या कोणालातरी विचारत होत्या. "हे बोलले का?" आतून पुन्हा तेच आलं, "काढा ना तो!" आणि यावेळी आवाज फाटला.

नवरी गळ्यातला हार सांभाळत माझ्यापर्यंत आली. मला ती लहानपणापासून दादा म्हणायची.

"दादा, बाबांना दिसलं नाही?"

मी तिला माझा तळहात दाखवला. त्यावर चार लाल दाणे चिकटले होते. मग दांडीकडे बोट केलं. मला वाटलं रडेल. चिडली असती तरी बरं वाटलं असतं. ती वळली, अंतरपाट घडी घालत असलेल्यांच्या हातातून तिनं तो ओढून घेतला आणि घराकडे निघाली.

गुरुजी मागे धावले. "अहो, एकदा लागलेलं लग्न पुन्हा कसं लावणार?"

त्यावर नागपूरची मावशी, जिच्यावर मी मघापासून मनातल्या मनात दात खात होतो, म्हणाली, "लग्न लागलं ते लागलंच ना गुरुजी. कापड तर मोकळं झालं न?"

नवरदेवाला काही समजलं नव्हतं, पण तोही बिचारा मागोमाग गेला. भैया कॅमेऱ्याची तार उपसून, कॅमेऱ्यात कोरी कॅसेट टाकून, तो खांद्यावर घेऊन धावला. मीही गेलो, मिक्सर तसाच बदाम दाखवत सोडून.

खोली एवढीशी. टीव्हीवर अंतरपाट होताच. काकूंनी जाऊन तो बंद केला. मुलगी खाटेसमोर उभी राहिली. नवरदेव तिच्या बाजूला. दोघांनी तो अंतरपाट खाट आणि तिच्या मधे धरला, तिच्या कपाळाच्याही वर. काका कापडाकडे पाहत होते. मंगलाष्टक कोण म्हणणार? मावशीनं तोंड उघडलं आणि पदर तोंडाला लावला. तिच्याच्यानं काही होईना. मग काकूच म्हणाल्या, गाऊन नाही, दळण आणायला सांगावं इतक्या साध्या आवाजात, "सावधान."

कापड खाली आलं. हळू, कोणी दांडी न ओढता. आधी मुंडावळ्या, मग कपाळ, कुंकू, मग डोळे, सगळं काजळ ओघळलेलं, मग तिचं ते लहानपणापासूनचं थोडे पुढे आलेले दात दाखवणारं हसू. काकांनी चांगला हात वर केला. तो तिच्या गालापर्यंत पोहोचत नव्हता, म्हणून ती वाकली.

"दिसली," काका म्हणाले.

मी बाहेर येऊन टाचणीनं दांडीतले तांदूळ काढत बसलो. दुसरं काय करणार होतो?

पंधरवड्यानं कॅसेट तयार करून नेली. माहेरपणाला आलेली मुलगी, जावई, काकू, काका, सगळे टीव्हीसमोर. मी अंग चोरून मागे. खोलीतला प्रसंग मी भैयाच्या कॅमेऱ्यातून आला तसा ठेवला होता, त्याला हात लावायची माझी हिंमत नव्हती. पण त्याच्या आधीचा माझा पराक्रम, काळा अंतरपाट, फरश्या, तो मेला बदाम, सगळं कापून टाकलं होतं. त्या जागी एक फूल उमललं आणि चित्र एकदम खोलीत. सफाईदार काम! कोणाला कळलंही नसतं.

काकांनी कॅसेट शेवटपर्यंत पाहिली. मग काकूंना न बोलावता, हळूहळू, एकेक शब्द जुळवत त्यांनी मला विचारलं, "मी ओरडलो, ते कुठे गेलं?"

"काका, तिथे माझी चूक झाली होती ना. अंतरपाट अडकला होता. म्हणून काढून टाकलं."

काका चिडले. खरंच चिडले. कान लाल झाले त्यांचे.

"चूक तुझी. आवाज माझा आहे. परत टाक."

मूळ कॅसेट घरी होती, नशीब माझं. मी परत टाकलं, अक्षरही न गाळता. गोठलेला अंतरपाट, फरश्या, बदाम, सगळं, कारण आवाज ठेवायचा तर चित्रही ठेवावं लागत होतं. त्यानंतर जो जो पाहुणा त्या घरी कॅसेट पाहायला बसला, त्यानं विचारलं की हे कोणी केलं, आणि काका स्वतः, न पुटपुटता, माझं नाव सांगायचे. हा प्रश्न इतक्यांनी विचारला की काकांचं बोलणं बरंचसं त्यावरच सुधारलं, असं काकू म्हणायच्या. ते माझं श्रेय मी कुठेही मागितलेलं नाही.

आता मिक्सर माळ्यावर आहे. काकाही नाहीत, काकूही नाहीत. मुलीनं मध्यंतरी पुण्याहून फोन केला, की दादा, कॅसेटला बुरशी लागून राहिली, पाठवून देते, तिकडेच कोणाकडून कॉम्प्युटरवर उतरवून द्या ना. मी एका दुकानात नेऊन दिली. संध्याकाळी दुकानदाराचा फोन आला.

"अंकलजी, बीच में पिक्चर अटक गई है। परदा हिलता ही नहीं, ऊपर से किसी ने फालतू इफेक्ट मार दिए हैं। पीछे कोई चिल्ला रहा है। इतना हिस्सा काट दूँ? साफ़ हो जाएगा।"

"हात लावू नको," मी मराठीतच ओरडलो. मग भानावर येऊन त्याला हिंदीत सांगितलं, "उसे हाथ मत लगाना, भैया। उसमें हमारे काका बोलते हैं।"